त्वचाप्रसाधनांतील सुगंध: दोन डागांचा इतिहास

क्रीमच्या डबीवरील घटकांच्या यादीत ‘परफ्यूम’ हा एकच शब्द असतो. त्यामागे अनेक रसायनांचे मिश्रण असू शकते. तेल व मेणाचा मूळ वास झाकणे आणि वापरणाऱ्याला प्रसन्न वाटायला लावणे, हे त्याचे काम. मग धोका कशात आहे? ‘नैसर्गिक ते सुरक्षित, कृत्रिम ते घातक’ हे उत्तर इतिहासात टिकत नाही.

पहिले उदाहरण नैसर्गिक सुगंधाचे. अठराव्या शतकात जर्मनीतील कलोन शहराचे सुगंधी पाणी युरोपभर गाजले. त्यात बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचे तेल असे. हे पाणी लावून उन्हात गेलेल्यांच्या त्वचेवर तपकिरी डाग पडतात, अशी नोंद फ्रॉइंड यांनी १९१६ मध्ये केली. मानेवरून ओघळलेल्या द्रवाच्या आकाराचे हे डाग लोलकासारखे दिसत. म्हणून १९२५ मध्ये रोझेंथाल यांनी लोलकाच्या फ्रेंच शब्दावरून त्यांना ‘बर्लोक’ म्हटले. कारण होते तेलातील बर्गॅप्टेन. त्यावर अतिनील किरण पडले की त्वचा भाजल्यासारखी होते. ही प्रकाश-विषाक्तता; मात्रा व ऊन पुरेसे असल्यास ती कोणालाही होऊ शकते.

दुसरे उदाहरण कृत्रिम सुगंधाचे. १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर यांना स्फोटकांवरील संशोधनात कस्तुरीसारख्या वासाचे संयुग सापडले. महागड्या कस्तुरीला स्वस्त पर्याय मिळाला. याच कुळातील मस्क अँब्रेट दाढीनंतरच्या लोशनमध्ये वापरले जाई. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यामुळे चेहऱ्यावर पुरळ उठल्याच्या नोंदी झाल्या. ही प्रकाश-अ‍ॅलर्जी; ती काहींनाच होते, कारण तिच्यात रोगप्रतिकार यंत्रणेचा सहभाग असतो. उंदरांवरील प्रयोगांत मज्जासंस्थेलाही इजा आढळली. १९९५ मध्ये युरोपीय संघाने त्यावर बंदी घातली.

दोन्ही वेळा आधी वापर झाला, मग तपासणी. पुढे नियम रेणूच्या नावावर आणि मात्रेवर आले. युरोपीय संघाने २००३ मध्ये २६ सुगंधी घटकांची नावे वेष्टनावर छापणे सक्तीचे केले: त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्क्यापेक्षा आणि धुतल्या जाणाऱ्या उत्पादनात ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त असल्यास. या यादीत संत्र्याच्या सालीतील लिमोनिन व लॅव्हेंडरमधील लिनॅलूलही आहेत. २०२३ मध्ये यादी ८० च्या पुढे गेली.

एकदा अ‍ॅलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभर राहते. तो घटक टाळणे हाच उपाय. पण नावच छापलेले नसेल, तर टाळायचे काय?