फ्रेंच आराखडा आणि मुंबईचे जहाज

सातपुड्याच्या पायथ्याशी वाढणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना सागवान ठाऊक असते. समुद्र मात्र बहुतेकांनी नकाशातच पाहिलेला असतो. तेव्हा सागवानाच्याच आधाराने एका शिडाच्या लढाऊ जहाजाची हकीकत सांगतो.

इ. स. १७८२ मध्ये फ्रान्समधील सेंट मालो बंदरात ‘हेबे’ नावाचे फ्रिगेट जातीचे जहाज बांधले गेले. रचनाकाराचे आडनाव साने. (आपल्याकडील साने नव्हेत!) त्याच वर्षी सप्टेंबरात इंग्रजांनी ते पकडले. केवळ निशाण बदलून ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी जहाजाची मापे घेतली, आराखडा काढला आणि त्याबरहुकूम १८०० पासून अनेक जहाजे बांधली. शत्रूकडूनही शिकण्यास ते लाजले नाहीत, ही गोष्ट मला पकडण्याच्या पराक्रमापेक्षा मोठी वाटते.

पुढे नेपोलियनच्या युद्धांत विलायतेत ओक लाकडाची टंचाई पडली. १८१२ मध्ये याच घाटाचे ‘त्रिंकोमाली’ जहाज मुंबईच्या गोदीत बांधण्याचे ठरले. तेथे वाडिया घराणे होते. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून आलेले. लाकूड मलबारचे सागवान. ओकच्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागाच्या अंगचे तेल त्यांना सांभाळते.

लाकूड होते, पिढीजात हुनर होते. नकाशे मात्र आले नाहीत. ते घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलजवळ अमेरिकनांनी जिंकले व पुढे जाळले. गंमत अशी की ‘जावा’ही मूळचे फ्रेंचच, १८११ मध्ये इंग्रजांनी पकडलेले. नकाशांचा दुसरा संच पाठवावा लागला. ज्या पालकांच्या घरी सुतारकाम वा लोहारकाम आहे, त्यांनी हा प्रसंग मुलांना अवश्य सांगावा. हाताला कसब असले तरी कागद वाचता आल्यावाचून असे काम उभे राहत नाही. वाडियांना दोन्ही येत होते.

१८१६ मध्ये जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी तळाच्या तुळईत चांदीचा खिळा ठोकला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले. १८१९ मध्ये ते इंग्लंडला पोहोचले, तेव्हा युद्ध संपले होते! पुढे विसाव्या शतकात, १९८६ पर्यंत, त्यावर मुलांना नौकानयनाचे शिक्षण मिळे. आज ते इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. मूळ ‘हेबे’ १८११ मध्येच मोडीत निघाली होती.