श्रीधरन, ई.

श्रीधरन, ई. (एलाट्टुवलप्पिल) : (१२ जून १९३२– ). भारतीय स्थापत्य अभियंते, कोकण रेल्वे महामंडळाचे पहिले अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक आणि दिल्ली मेट्रोचे शिल्पकार. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, जून १९९० मध्ये, ते भारतीय रेल्वेतून नियमाप्रमाणे निवृत्त झाले. ज्या दोन कामांमुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले, ती दोन्ही या निवृत्तीनंतरची आहेत.

जन्म केरळमधील पालक्काड भागातील करुकपुत्तूर येथे. पुढे मुख्य निवडणूक आयुक्त झालेले टी. एन. शेषन हे त्यांचे शाळासोबती. काकिनाडा येथून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ कोझिकोडच्या तंत्रनिकेतनात शिकवले, मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये वर्षभर उमेदवारी केली आणि १९५४ च्या अखेरीस ते दक्षिण रेल्वेत रुजू झाले.

डिसेंबर १९६४ मधील चक्रीवादळाने रामेश्वरमला मुख्य भूमीशी जोडणारा पांबन पूल उद्ध्वस्त केला. दुरुस्तीसाठी सहा महिन्यांची मुदत ठरली होती. वरिष्ठांनी ती तीन महिन्यांवर आणली. श्रीधरन यांनी समुद्रात पडलेल्या तुळया बाहेर काढून पुन्हा बसवल्या आणि ४६ दिवसांत पूल उभा केला. पुढे कोलकाता मेट्रोचे नियोजन, कोचीन शिपयार्ड (तेथील पहिले जहाज ‘राणी पद्मिनी’ १९८१ मध्ये पाण्यात उतरले), चर्चगेटला पश्चिम रेल्वेचे महाव्यवस्थापकपद आणि शेवटी रेल्वे बोर्डाचे अभियांत्रिकी सदस्यपद असा त्यांचा प्रवास झाला.

कोकणात रेल्वे यावी ही मागणी जुनी होती. चाकरमान्यांच्या कित्येक पिढ्या बोटीने आणि एस.टी.ने गावी जात राहिल्या. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री असताना, जुलै १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले. रेल्वेबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ ही राज्ये त्यात भागीदार होती, आणि बराचसा पैसा रोखे विकून उभारायचा होता. नुकतेच निवृत्त झालेले श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. बेलापूरला मुख्यालय ठेवून त्यांनी रोहा ते मंगळूरजवळील ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी अशा सात विभागांत वाटला. प्रत्येक विभाग एकेका मुख्य अभियंत्याच्या हाती दिला आणि निर्णयाचे अधिकारही त्याच्याकडेच सोपवले. ठेकेदाराचे बिल रखडले की काम रखडते, म्हणून बिलाची बहुतेक रक्कम लगेच चुकती करण्याची पद्धत त्यांनी घातली. सरकारी बांधकामांचा अनुभव असणाऱ्यांना ही गोष्ट बोगद्यांइतकीच मोठी वाटेल.

मार्गावर ९१ बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. त्याच परिसरातील पानवल नदीवरील पुलाचे खांब दरीतून ६४ मीटरपर्यंत उंच गेले आहेत. इतक्या उंचीवर खालून आधार उभारत जाणे परवडणारे नव्हते. म्हणून पुलाची पेटीसारखी काँक्रीटची तुळई काठावरच तुकड्यातुकड्यांनी ओतली आणि जॅकने थोडी थोडी पुढे ढकलत एका खांबावरून दुसऱ्या खांबावर नेली. भारतात ही पद्धत प्रथम येथेच वापरली गेली. कातळ फोडण्यासाठी स्वीडनहून यंत्रे आणली होती, पण खरी परीक्षा पाहिली ती मऊ मातीने. गोव्यातील पेडणे बोगद्यात खणलेली जागा चिखलाने पुन्हा भरून येई, माथा ढासळे. तेथे माणसेही दगावली. सर्वांत शेवटी जोडला गेला तो हाच तुकडा. खाजण जमिनी आणि जुन्या गोव्याचा वारसा यांच्या काळजीपोटी गोव्यात मार्गाला तीव्र विरोध झाला होता, आणि १९९३ मध्ये तेथील काम काही काळ थांबले होते. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. बांधकामात प्राण गमावलेल्या कामगारांचे स्मारक रत्नागिरी स्थानकात आहे. कोकण रेल्वेचे कौतुक करताना या माणसांचा उल्लेख आधी व्हायला हवा.

या कामाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. जांभ्या मातीचे उंच कापे पावसाळ्यात ढासळतात, हे पहिल्या काही वर्षांतच कळून चुकले. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरड रुळांवर येऊन गाडी घसरली आणि अनेक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर जाळ्या, संरक्षक भिंती, पावसाळी गस्त आणि गाड्यांचे वेगळे पावसाळी वेळापत्रक हा या मार्गाच्या व्यवहाराचा कायमचा भाग झाला. मार्ग वेगाने पुरा करण्याच्या भरात उतारांकडे जेवढे लक्ष द्यायला हवे होते तेवढे दिले गेले नाही, असेच म्हणावे लागते.

नोव्हेंबर १९९७ मध्ये, पासष्टाव्या वर्षी, श्रीधरन दिल्ली मेट्रोचे व्यवस्थापकीय संचालक झाले. उद्‌घाटनाला किती दिवस उरले ते दाखवणाऱ्या उलट्या मोजणीच्या पाट्या कामाच्या जागी लावलेल्या असत. शाहदरा ते तीस हजारी हा पहिला टप्पा डिसेंबर २००२ मध्ये सुरू झाला. १२ जुलै २००९ रोजी जमरूदपूर येथे बांधकामातील पूल कोसळून सहा जण मृत्यू पावले, तेव्हा त्यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनी तो स्वीकारला नाही. अधिकार खालच्यांना द्यायचे आणि दोष मात्र स्वतःकडे घ्यायचा, हे त्यांच्या नेतृत्वाचे सूत्र त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले. पुणे मेट्रोचा मूळ प्रकल्प अहवालही दिल्ली मेट्रोनेच तयार केला. ३१ डिसेंबर २०११ रोजी, एकोणऐंशी वर्षांचे असताना, मंगू सिंग यांच्याकडे सूत्रे देऊन ते पायउतार झाले आणि केरळमध्ये पोन्नानीला राहायला गेले.

दुसऱ्या निवृत्तीनंतरही त्यांनी सार्वजनिक काम सोडले नाही. कोची मेट्रोचे ते प्रमुख सल्लागार होते. सार्वजनिक जीवनातील मूल्यांसाठी २००८ मध्ये स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. वाळूउपशाने खंगलेल्या भारतपुळा नदीच्या पुनरुज्जीवनासाठी नागरिकांची संघटना बांधली. कोचीतील पालारिवट्टम उड्डाणपूल सदोष ठरल्यावर त्यांच्या देखरेखीखाली त्याची फेरबांधणी झाली आणि मार्च २०२१ मध्ये, ठरलेल्या मुदतीआधीच, तो वाहतुकीला खुला झाला. त्याच वर्षी त्यांनी भाजपतर्फे पालक्काडमधून विधानसभा लढवली. थोडक्या मतांनी पराभव झाल्यावर डिसेंबरमध्ये त्यांनी सक्रिय राजकारण सोडले.

पद्मश्री (२००१), फ्रान्सचा ‘लेजियाँ द ऑनर’ (२००५) आणि पद्मविभूषण (२००८) हे त्यांना मिळालेले प्रमुख सन्मान. नव्वदी ओलांडल्यावर, २०२५ मध्ये, त्यांनी केरळसाठी कमी जमीन लागणाऱ्या वेगवान रेल्वेमार्गाचा प्रस्ताव राज्य सरकारपुढे मांडला.