देवनारचा धूर

1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात गाठीच्या तापाचे रोगी सापडले आणि हा प्लेग आहे असं डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखलं, तेव्हा मुंबईचा बराच कचरा शहरातल्याच सखल जागा बुजवायला वापरला जात होता. प्लेगने शहर हादरलं, माणसं गावाकडे पळाली आणि घाण वस्तीपासून दूर नेली पाहिजे हे सगळ्यांना पटलं. दूर म्हणजे चेंबूरकडची खाडीकाठची खाजणं. कचरा तिकडे न्यायला रेल्वे घातली गेली. त्याच कुर्ला-चेंबूर मार्गावरून आज माझे जुने विद्यार्थी कॉलेजला आणि कामावर जातात. तो मार्ग आधी कचऱ्याच्या गाड्यांसाठी होता, माणसांची गाडी त्यावर 1924 मध्ये धावली. याच खाजणांतल्या देवनारच्या क्षेपणभूमीची सुरुवात 1927 पासून धरतात. पसारा 132 हेक्टरचा.

सुरुवातीची कित्येक वर्षं तिथे पडत होती ती चुलीतली राख, घोड्यांची लीद, भाजीचा पाला, चिंध्या, फुटकी कौलं. हे कुजायचं, कधी पेटायचं, धुमसायचं. तो धूरही वाईटच. पण त्यात प्लास्टिक नव्हतं. पुढे माणसं आली. ज्या जागेजवळ कुणी राहू नये म्हणून कचरा तिथे नेला, तिच्याच कुशीत सत्तरच्या दशकात शहरातल्या झोपडपट्ट्या हलवून शिवाजी नगर, बैंगनवाडी वसवली गेली. दुष्काळाने उठलेली मराठवाड्यातली कुटुंबं आली, उत्तरेकडची आली. आणि त्याच काळात प्लास्टिक आलं, कचऱ्याचं रसायन बदललं.

मी तिथल्याच गोवंडीतल्या एका शाळेत निवृत्त होईपर्यंत रसायनशास्त्र शिकवलं. क्लोरीन ओळखायची एक सोपी परीक्षा आहे, बाइलस्टाइन नावाच्या शास्त्रज्ञाने 1872 मध्ये सांगितलेली. तांब्याची तार बर्नरवर लाल होईस्तोवर तापवायची, प्लास्टिकच्या तुकड्याला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीनसारखा हॅलोजन आहे. पॉलिथीनच्या पिशवीने ज्योत पिवळीच राहते, पीव्हीसीच्या वायरच्या तुकड्याने हिरवीगार होते. दरवर्षी मुलं ‘ओ’ करून ओरडायची. एका वर्षी मात्र मागच्या बाकावरचा मुलगा शांतपणे म्हणाला, "बाई, अशी हिरवी आग आमच्याकडे रोज रात्री असते."

त्या वर्गात मला जे समजलं ते कुठल्या पुस्तकात इतक्या स्पष्टपणे वाचलं नव्हतं. पीव्हीसीच्या वजनात सुमारे 57 टक्के क्लोरीन असतो. पाइप, रेक्झिन, रेनकोट, चपला आणि मुख्य म्हणजे वायरचं आवरण, सगळीकडे हे पीव्हीसी. डम्पिंगवर किंवा त्याच्या कडेला वायरींचा ढीग पेटवतात, आवरण जळतं आणि उरलेलं तांबं भंगारवाल्याकडे जातं. डायऑक्सिन आणि फ्युरान ही विषारी संयुगं तयार व्हायला क्लोरीन, कार्बन, 200 ते 400 अंशांच्या आसपासचं तापमान आणि रासायनिक क्रियेला हात देणारा धातू लागतो. त्या कामात तांब्याइतका तरबेज धातू विरळा. हे रेणू नीट नष्ट करायचे तर 850 अंशांच्या वर, भरपूर हवेत, धूर निदान दोन सेकंद राहावा लागतो. उघड्यावर धुमसणारा ढीग तिथवर पोचत नाही. कुणी मुद्दाम योजून डायऑक्सिन करायला बसलं असतं तरी याहून सोयीची मांडणी सुचली नसती.

त्या मुलाच्या आईला मी म्हटलं, "ताई, वायर सोलून विका, जाळू नका." ती म्हणाली, "बाई, जाड वायर सोलतोच आम्ही. बारीक वायर सोलत बसले तर पोरांच्या पोटाला काय घालू? रबरासकट दिली तर भंगारवाला भावच देत नाही." तिचा हिशोब चोख होता. शहराने फेकलेलं तांबं ती शहराला परत देत होती आणि विषाचा वाटा स्वतःकडे ठेवत होती. मी तिला दोष देऊ शकत नाही, आजही देत नाही.

जगाला हे विष आधी कारखान्यातून कळलं. 10 जुलै 1976 रोजी इटलीत सेव्हेसोजवळच्या रसायन कारखान्यातून डायऑक्सिनचा ढग सुटला. जनावरं मेली, मुलांच्या चेहऱ्यांवर फोड उठले. दुसऱ्याच वर्षी, 1977 मध्ये, केस ऑली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नेदरलँड्समध्ये शहरी कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांच्या राखेत तीच संयुगं सापडली. म्हणजे अपघाताची गरज नव्हती, रोजचा कचरा पुरेसा होता. या कुळात 75 डायऑक्सिन आणि 135 फ्युरान आहेत, त्यांतले 17 विशेष विषारी. सर्वांत जहाल रेणूला कर्करोगकारक म्हणून 1997 मध्ये जागतिक मान्यता मिळाली. 2001 च्या स्टॉकहोम कराराने उघड्यावर कचरा जाळणं आणि तांब्याच्या वायरी धुमसवणं ही दोन्ही या विषाची उगमस्थानं म्हणून नोंदली. भारताने तो करार 2006 मध्ये स्वीकारला.

धूर विरला की धोका गेला असं वाटतं, तसं होत नाही. डायऑक्सिन मातीत बसतो, गवतावर बसतो, जनावराच्या चरबीत साठतो आणि दुधातून, अंड्यातून, मांसातून माणसात येतो. माणसाच्या शरीरातून तो निम्मा व्हायलाच सात-आठ वर्षं किंवा अधिक लागतात. जपानच्या एहिमे विद्यापीठातल्या संशोधकांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चेन्नईच्या पेरुंगुडी डम्पिंगजवळ राहणाऱ्या आयांच्या दुधात डायऑक्सिनचं प्रमाण जास्त आढळलं, आणि त्याचा मोठा मार्ग गाईम्हशींचं दूध हा निघाला. देवनारच्या उकिरड्यावर चरणारी गुरं मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. हा अभ्यास वाचला त्या दिवशी मला शाळेतली डबे उघडणारी मुलं आठवली.

जानेवारी 2016 च्या अखेरीस देवनारला मोठी आग लागली. धुराचा पट्टा उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, बंब दिवसेंदिवस पाणी मारत होते. 29 फेब्रुवारीला मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याचे नियम पाळले जात नाहीत म्हणून शहरातल्या नव्या बांधकामांना मनाई केली, तेव्हा कुठे डम्पिंग हा सगळ्या मुंबईचा विषय झाला. मार्चमध्ये पुन्हा आग. त्या दिवसांत सगळीकडे हवेच्या निर्देशांकाचे आकडे सांगितले जात. आपल्या राष्ट्रीय निर्देशांकात आठ घटक आहेत: दोन आकारांचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. डायऑक्सिन त्यात नाही. आकडा ‘समाधानकारक’ आला तरी डम्पिंगला लागून असलेल्या रफीनगरच्या बाईला तिच्या बाळाच्या दुधाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

धारावीच्या पुनर्वसनासाठी देवनारची 124 एकर जागा द्यायचं सरकारने 2024 मध्ये ठरवलं. पुढच्या वर्षी महापालिकेने 185 लाख टन जुना कचरा उपसण्याची निविदा काढली. उपसा व्हायलाच हवा. पण त्या ढिगात कित्येक वर्षांच्या जळलेल्या वायरींची राख आहे, आणि तिच्यातला डायऑक्सिन मातीत दशकानुदशकं टिकतो. तो मोजणं खर्चिक आहे, अशक्य नाही. तिरुवनंतपुरमच्या निस्ट या सरकारी संस्थेत त्यासाठी प्रयोगशाळा आहे. घरांचा पाया खणण्याआधी तिथली माती, राख, रफीनगरच्या कोंबड्यांची अंडी आणि जवळच्या तबेल्यांतलं दूध तपासावं, आणि आकडे मराठी, हिंदी, उर्दूत वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावावेत.