सूर्यनमस्कार, योगासने आणि निसर्गोपचार : महाराष्ट्रातील दैनंदिन आरोग्यविचाराची जडणघडण (१९०८ ते १९४६)

प्रस्तावना

पहाटे उठावे, उघड्या हवेत व्यायाम करावा, पाठीचा कणा ताठ ठेवून बसावे, आहार साधा व मित असावा, औषधाचा आश्रय शक्यतो टाळावा, हा उपदेश मराठी घरांत पिढ्यानपिढ्या ऐकू येतो. तो इतका परिचयाचा आहे की त्याला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. 'आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे' एवढ्या विधानावर बहुतेकांचे समाधान होते. प्रत्यक्षात या उपदेशाचे आज रूढ असलेले स्वरूप बऱ्याच अंशी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडले. त्याच्या जडणघडणीत महाराष्ट्रातील तीन स्थळांचा वाटा विशेष महत्त्वाचा आहे. सातारा भागातील औंध संस्थान, लोणावळ्याचे कैवल्यधाम आणि पुणे जिल्ह्यातील उरळीकांचन ही ती स्थळे होत.

प्रस्तुत निबंधात या तीन केंद्रांतील आरोग्यविचाराचा ऐतिहासिक दृष्टीने आढावा घेतला आहे. एखादी आरोग्यविषयक सूचना खरी मानण्यासाठी प्रत्येक केंद्राने कोणता आधार पुढे केला आणि त्या आधाराच्या मर्यादा कोणत्या होत्या, हा विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

दैनंदिन आरोग्याचा शास्त्रीय विचार भारतीय परंपरेत निश्चितच प्राचीन आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथातील सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येला वाहिलेला आहे. ब्राह्ममुहूर्ती उठणे, दंतधावन, अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन आणि स्नान असा क्रम त्यात येतो. व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, असे वाग्भट बजावतो आणि अतिव्यायामाने होणारे विकारही सांगतो. प्रमाणाचा हा विवेक हे त्या दिनचर्येचे वैशिष्ट्य होय.

याच्या जोडीला महाराष्ट्रात तालमीची परंपरा होती. जोर, बैठका, कुस्ती आणि मल्लखांब हे तिचे घटक होत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बाळंभटदादा देवधर यांचे नाव मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाशी जोडले जाते. मात्र तालमीचा हेतू बलसंवर्धनाचा होता. कारकून, शिक्षक, विद्यार्थी किंवा गृहिणी यांनी रोज घरच्या घरी काय करावे, हा प्रश्न तिच्यासमोर नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रश्न उभा राहिला. कचेरी आणि शाळा यांमुळे मध्यमवर्गाचे जीवन बैठे झाले. १८९६-९७ च्या प्लेगने आणि पुढे १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने समाज हादरला. राष्ट्राची दुर्बलता आणि शरीराची दुर्बलता यांचा संबंध जोडला जाऊ लागला. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ मध्ये स्थापन झाले, ते याच वातावरणात. बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत प्रसिद्ध झालेला 'व्यायाम ज्ञानकोश' या चळवळीच्या व्याप्तीची साक्ष देतो.

औंध : अनुभवाचा आधार

औंधचे अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८ ते १९५१) हे चित्रकार, कीर्तनकार आणि विद्येचे आश्रयदाते म्हणून प्रसिद्ध आहेत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस त्यांनी मोठे साहाय्य केले. व्यायामाच्या इतिहासात त्यांचे स्थान सूर्यनमस्कारांचे प्रवर्तक म्हणून आहे.

विशेष म्हणजे त्यांचा व्यायामाचा आरंभ सूर्यनमस्कारांनी झाला नव्हता. युजेन सँडो या युरोपीय बलोपासकाची पुस्तके आणि साधने मागवून त्यांनी सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने व्यायाम केला. १९०८ मध्ये मिरजेच्या अधिपतींच्या सूचनेवरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि पुढे आयुष्यभर त्यांनी तो नेम सोडला नाही. १९०९ मध्ये गादीवर आल्यानंतर त्यांनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले, व्याख्याने दिली, पुस्तके लिहिली. १९२८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले असता लुईझ मॉर्गन या पत्रकार महिलेने त्यांच्या पद्धतीची तेथील वाचकांना ओळख करून दिली. तिने संपादित केलेले पुस्तक १९३८ मध्ये लंडनमध्ये निघाले.

बाळासाहेबांच्या पद्धतीत दहा स्थितींचे एक चक्र, प्रत्येक स्थितीशी सांगड घातलेले श्वसन आणि बीजाक्षरांसह सूर्याच्या नावांचा उच्चार यांचा समावेश होता. साधन लागत नाही, पैसा लागत नाही, चार हात जागा पुरते आणि लहान मुले व स्त्रिया यांनाही तो करता येतो, ही त्याची बलस्थाने त्यांनी आग्रहाने मांडली. स्त्रियांच्या व्यायामाचा हा पुरस्कार त्या काळाच्या मानाने लक्षणीय होता.

या पद्धतीच्या प्राचीनतेविषयी मात्र सावधपणे बोलले पाहिजे. सूर्याला अर्घ्य देणे आणि साष्टांग नमस्कार घालणे हा उपासनेचा जुना प्रकार आहे. समर्थ रामदासांनी टाकळी येथे रोज बाराशे नमस्कार घातल्याची परंपरागत श्रद्धाही महाराष्ट्रात दृढ आहे. परंतु हठयोगाच्या परंपरेत या नमस्कारांना आसनांचे स्थान नव्हते. 'हठप्रदीपिके'वरील ब्रह्मानंदाच्या 'ज्योत्स्ना' या एकोणिसाव्या शतकातील टीकेत फार सूर्यनमस्कार घालणे हे जड ओझे वाहण्याबरोबरच शरीराला क्लेश देणाऱ्या, म्हणून साधकाने टाळावयाच्या गोष्टींत गणले आहे. १९१८ मध्ये वर्सोवा येथे योग संस्था स्थापन करणाऱ्या श्रीयोगेंद्रांनीही सूर्यनमस्काराची योगाशी गल्लत करण्यास स्पष्ट विरोध नोंदविला होता. तात्पर्य, उपासनेतील नमस्कार, तालमीतील जोर आणि आधुनिक शारीरिक शिक्षणाची शिस्त यांच्या संगमातून आजचा सूर्यनमस्कार सिद्ध झाला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

बाळासाहेबांचा मुख्य पुरावा होता स्वतःचा देह. उतारवयातही टिकलेली आपली प्रकृती, कुटुंबीयांचे आणि विद्यार्थ्यांचे अनुभव ते पुढे करीत. असा पुरावा मनाची पकड घेणारा असतो. तथापि राजाच्या प्रकृतीस राजाचा आहार, विश्रांती आणि स्वस्थता यांचाही आधार असतो, ही बाब त्यात झाकली जाते. शिवाय संस्थानातील शाळेत राजाज्ञेने चालणारा व्यायाम आणि स्वेच्छेने केलेला व्यायाम यांत फरक आहे. मंत्रोच्चारामुळे हा व्यायाम सर्वधर्मीय शाळांत कोणत्या स्वरूपात असावा, हा पुढे वारंवार उपस्थित झालेला वादही याच मांडणीतून उद्भवतो.

लोणावळा : प्रयोगाचा आधार

स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे (१८८३ ते १९६६), यांनी बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्याकडे भारतीय व्यायामाचे आणि नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी यांच्याकडे योगाचे शिक्षण घेतले. अमळनेर येथील राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यात काही वर्षे घालविल्यानंतर त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. 'योगमीमांसा' हे त्रैमासिक त्याच वर्षी सुरू झाले.

योगक्रियांचा शरीरावर नेमका कोणता परिणाम होतो, हे यंत्रांच्या साहाय्याने पाहण्याचा त्यांचा प्रयत्न होता. उड्डियान आणि नौली या क्रियांच्या वेळी क्ष-किरण छायाचित्रे घेण्यात आली व दाबमापकाने आतड्यातील दाब मोजण्यात आला. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे या मापनात आढळले. बस्तिक्रियेत पाणी आत कसे ओढले जाते, याचा उलगडा त्यातून झाला. या अंशतः निर्वात अवस्थेला स्वामींनी आपल्या गुरूंचे नाव दिले.

त्यांच्या कार्याचा याहून महत्त्वाचा विशेष असा की, लोकप्रिय समजुती तपासून त्या सोडून देण्याची त्यांची तयारी होती. प्राणायामाने शरीराला पुष्कळ जास्त प्राणवायू मिळतो, ही समजूत तेव्हाही सर्वत्र होती. श्वसनातील वायूंच्या मापनावरून स्वामींनी ती अमान्य केली आणि प्राणायामाचे महत्त्व दाबातील बदल व मज्जासंस्थेवरील नियंत्रण यांत शोधले. स्वतः योगसाधक असलेल्या माणसाने योगाविषयीचा एक आकर्षक दावा नाकारावा, ही घटना आरोग्यविचाराच्या इतिहासात मोलाची आहे.

शरीराच्या ठेवणीबाबतही त्यांनी नेमका विचार मांडला. आसनांची त्यांनी ध्यानात्मक आणि शरीरसंवर्धनात्मक अशी विभागणी केली. पद्मासन किंवा सिद्धासन यांत बैठकीचा पाया रुंद होतो, कणा सरळ राहतो, पोटावर दाब येत नाही आणि शरीराला कमीत कमी श्रम पडतात. भुजंगासन, शलभासन, पश्चिमतान यांसारख्या आसनांत कण्याला दोन्ही दिशांनी वाकविले जाते. हिसका न देता, सावकाश आणि स्वतःच्या मर्यादेत आसने करावीत, हा त्यांचा दंडक होता. वेळ नसणाऱ्यांसाठी त्यांनी पूर्ण अभ्यासक्रमाबरोबर लघु अभ्यासक्रमही आखून दिला. वाग्भटाच्या अर्धशक्तीच्या तत्त्वाशी हा दृष्टिकोन जवळचा आहे.

या पद्धतीलाही मर्यादा होत्या. प्रयोग थोड्या व्यक्तींवर, आणि त्यांतही सराव असलेल्या साधकांवर होत. एखाद्या क्रियेने दाब बदलतो हे सिद्ध झाले, म्हणून तिने रोग बरा होतो हे सिद्ध होत नाही. हे अंतर स्वामींच्या लेखनापेक्षा पुढील काळातील प्रचारात अधिक विसरले गेले.

उरळीकांचन : सेवेचा आधार

निसर्गोपचाराचा प्रवाह मुळात युरोपातून आला. लुई कुने आणि अडॉल्फ जुस्ट या जर्मन निसर्गोपचारकांच्या ग्रंथांचा प्रभाव महात्मा गांधींवर दक्षिण आफ्रिकेतच पडला होता. मातीची पट्टी, कटिस्नान, उपवास आणि मिताहार यांचे प्रयोग त्यांनी स्वतःवर व सहकाऱ्यांवर केले. १९२७ मध्ये प्रकृती बिघडली असता त्यांनी स्वामी कुवलयानंदांशी आसनांबाबत पत्रव्यवहारही केला. पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील बंदिवासात त्यांनी आरोग्यविषयक विचार नव्याने लिहून काढले.

सुटकेनंतर पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात गोरगरिबांसाठी कार्य उभारण्याचा त्यांचा विचार होता. त्यासाठी १९४५ मध्ये न्यासही स्थापन झाला. परंतु खेड्यातील गरीब माणूस उपचारासाठी शहरात येऊन राहू शकत नाही, हे ध्यानी येताच त्यांनी आपली चूक मान्य केली व ते केंद्र खेड्यात नेण्याचे ठरविले. २२ मार्च १९४६ रोजी ते उरळीकांचन येथे आले आणि आठवडाभर राहून त्यांनी रुग्ण तपासले. राजकीय वाटाघाटींसाठी त्यांना दिल्लीस जावे लागले. पुढे आश्रमाची धुरा मणिभाई देसाई यांनी सांभाळली.

गांधींच्या मांडणीत रामनाम हा सर्वश्रेष्ठ उपाय होता. या श्रद्धेचे मूल्यमापन वैद्यकाच्या निकषांवर होऊ शकत नाही आणि त्यांच्या सर्वच उपचारांना पुराव्याचे पाठबळ होते असेही नाही. मात्र खेड्यातील निसर्गोपचार म्हणजे स्वच्छ पाणी, गावाची सफाई, पुरेसे अन्न आणि दूध-फळांची उपलब्धता, हे त्यांनी ओळखले. ज्याच्या घरी दोन वेळचे अन्न नाही, त्याला उपवासाचे गुण सांगण्यात अर्थ नाही. मणिभाईंचे कार्य पुढे शेती आणि गोपालनाकडे वळले आणि त्यातून १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था निर्माण झाली. आरोग्याचा मार्ग अखेर गोठ्यातून आणि शेतातून जातो, हा या वळणाचा अर्थ आहे.

तौलनिक विचार

तिन्ही केंद्रांत काही समान सूत्रे दिसतात. आरोग्य ही वैद्याने द्यावयाची वस्तू नसून रोजच्या वागण्यातून मिळवावयाची गोष्ट आहे, खर्चिक साधनांची आवश्यकता नाही आणि संयम हा आरोग्याचा पाया आहे, यावर त्यांचे एकमत होते. मात्र 'हे खरे कशावरून?' या प्रश्नाला त्यांनी वेगवेगळी उत्तरे दिली. औंधने अनुभव सांगितला, लोणावळ्याने मापन दाखविले, उरळीकांचनने सेवेतील उपयोग आणि श्रद्धा पुढे केली.

तसेच उपदेशाचा श्रोता कोण, हाही प्रश्न महत्त्वाचा ठरतो. दिवसभर शेतात राबणाऱ्या स्त्रीला किंवा गिरणीत पाळी करणाऱ्या कामगाराला व्यायामाची उणीव नव्हती. त्यांना विश्रांतीची, पोषणाची आणि निवाऱ्याची उणीव होती. व्यायामविषयक साहित्यातील 'आपण' हा बहुधा बैठे काम करणारा, शिक्षित मध्यमवर्ग होता. आरोग्य हे व्यक्तीचे कर्तव्य ठरविताना आजारपण हा व्यक्तीचा दोष ठरण्याचा धोका असतो. उरळीकांचनच्या अनुभवाने तो काही प्रमाणात टाळला.

निष्कर्ष

१. दैनंदिन आरोग्याच्या रूढ सूचनांत प्राचीन दिनचर्या, तालमीची परंपरा, युरोपीय व्यायाम व निसर्गोपचार आणि प्रयोगशाळा यांचे मिश्रण आहे. त्यांना केवळ प्राचीन म्हणणे इतिहासाला धरून नाही.

२. एखादी पद्धत अर्वाचीन ठरल्याने तिची उपयुक्तता कमी होत नाही, तसेच प्राचीन ठरल्याने ती सिद्धही होत नाही. उपयुक्ततेची परीक्षा स्वतंत्रपणे व्हावयास हवी.

३. प्राणायामातील प्राणवायूविषयीची समजूत नाकारणारी कुवलयानंदांची वृत्ती आणि स्वतःची चूक मान्य करून केंद्र खेड्यात नेणारी गांधींची वृत्ती, या दोन गोष्टी या कालखंडाचा सर्वांत टिकाऊ वारसा होत.

संयुक्त राष्ट्रसंघाने २१ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून डिसेंबर २०१४ मध्ये मान्य केला आणि २०१५ पासून तो महाविद्यालयांतूनही साजरा होऊ लागला. त्या दिवशी सभागृहात सतरंज्या अंथरल्या जातात आणि विद्यार्थी रांगेने उभे राहतात. त्यांना आसनांबरोबर त्या आसनांचा इतिहासही सांगितला गेला, तर आरोग्यविषयक प्रत्येक दाव्याला 'हे कशावरून?' असा प्रश्न विचारण्याची सवय त्यांना लागेल. ती सवयही आरोग्यास पोषकच ठरेल.