डुक्कर फियाटचं 'मूळ रूप'

गेले काही महिने आमच्या घरात एकच वाद चालू आहे. जामसरला काकांच्या पडवीत वर्षानुवर्षं उभी असलेली डुक्कर फियाट पुन्हा रस्त्यावर आणायची, यावर सगळ्यांचं एकमत झालंय (आमच्या घरात हेच मोठं नवल!). भांडण आहे ते तिला कुठल्या रूपात आणायचं यावर. दादा म्हणतो, कारखान्यातून निघाली तशी. काका म्हणतात, "कारखान्यातून निघालेली मी बघितलीच नाही. मी चालवली तशी कर."

वरवर हा शब्दांचा खेळ वाटतो. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण या गाडीचा इतिहास चाळायला घेतला आणि लक्षात आलं की वादाला चांगलंच वजन आहे.

आधी नावाबद्दल, कारण पोरंटोरं हसतात. हिचं खरं नाव फियाट ११००. इटलीत ती १९५३ साली आली आणि १९५४ पासून आपल्याकडे प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याच्या कारखान्यात बनवायला सुरुवात केली. फुगीर बॉडी, पुढे आलेलं नाकाड, म्हणून लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' करून टाकलं. पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, म्हणजे दार उलटं उघडणार. साडी नेसलेल्या बायकांना उतरायला ते फार सोयीचं, असं आजी सांगायची. १९६४ च्या सुमारास 'डिलाइट' आली, दारं सरळ झाली आणि डुक्कर हे नाव जुन्या गाड्यांपुरतंच उरलं. त्या डिलाइटचंच पुढे 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' झालं.

प्रीमियर काढली वालचंद हिराचंद यांनी, १९४४ साली. सोलापूरचा हा माणूस जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्हींच्या मागे लागला होता. सुरुवातीला कुर्ल्यात डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या जोडल्या जात. पण नुसते सुटे भाग आणून जोडणं सरकारला मान्य नव्हतं. भाग इथेच बनवा, असा आग्रह होता. शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सनं १९५४ साली गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली. वालचंदशेठ मात्र १९५३ च्या एप्रिलमध्येच गेले होते. फियाट ११०० चं इथलं राज्य त्यांनी पाहिलं नाही.

त्या धोरणाचा परिणाम आपण सगळ्यांनी भोगलाय. गाड्या मोजक्या, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. त्यामुळे एकदा घेतलेली गाडी कुणी टाकत नसे. ती विकली जाई, पुन्हा विकली जाई आणि शहरातून तालुक्याला, तालुक्यातून गावाला उतरत जाई. आमची फियाटही अशीच आली. आजोबांनी ती ठाण्याहून सेकंडहँड घेतली. आरसी बुकात जिल्हा ठाणे आहे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला तेव्हा गाडी पडवीतच होती. न हलता जिल्हा बदलला!

आता गंजाकडे येतो. जीपला खाली वेगळी चासी असते आणि वर बॉडी बसवलेली असते. पत्रा सडला तरी चासी उभी राहते. फियाट ११०० चं तसं नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा. फ्लोअर, दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पेट्या, खांब, छप्पर हे सगळं मिळून वजन पेलतं. जव्हारचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. चार महिने चिखल उडतो, त्या पोकळ पेट्यांत जाऊन बसतो, आणि दिवाळीपर्यंत आतला ओलावा सुकत नाही. पत्रा आतून खाल्ला जातो आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो. काकांच्या गाडीत स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तो पत्र्यातून आरपार गेला. अशी गाडी नुसती लांबी भरून आणि रंग मारून सुंदर करता येते, पण ती धोकादायक असते. खड्ड्यात आदळली की दारं बसत नाहीत, कारण सांगाडाच वाकलेला असतो.

म्हणून सडका पत्रा कापणं भाग आहे, यावर दादा आणि काका दोघंही सहमत आहेत. अडलंय ते ड्रायव्हरच्या पायाखालच्या एका तुकड्यावर. तो पत्रा फियाटचा नाही. खूप वर्षांपूर्वी जव्हारच्या एका वेल्डिंगवाल्यानं तेलाचा जुना ड्रम कापून, ठोकून सपाट करून तो तिथे बसवला. खालून बघितलं तर ड्रमचा उठलेला कंगोरा अजून दिसतो. गंमत म्हणजे आजूबाजूचा मूळचा पत्रा गेला, पण ड्रमचा पत्रा जाड, तो ठणठणीत आहे! दादाला तो काढून मापात नवा बसवायचाय. काका म्हणतात, त्याला हात लावायचा नाही.

दादाच्या बाजूनं कायदा आहे. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं होऊन गेलेली गाडी त्यात बसते. पण अट अशी की ती मूळ रूपात राखलेली असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. राज्यानं नेमलेली समिती तपासणी करणार. नोंदणी मिळाली तरी गाडी रोज वापरता येत नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. आता ड्रमचा तुकडा 'मोठा फेरफार' ठरेल का? दादा धोका पत्करायला तयार नाही, आणि त्याचं म्हणणं चूक नाही. अनेकांनी खर्च वाचवायला जुन्या गाड्यांत डिझेल इंजिनं घातली. असं काहीही चालवून घेतलं तर 'जुनी गाडी' या शब्दाला अर्थच उरणार नाही.

काकांच्या बाजूनं मला सापडलं ते मात्र थेट तुरिनहून! जुन्या गाड्यांच्या संघटनांचा 'फिवा' नावाचा एक जागतिक महासंघ आहे. त्यांनी २०१२ साली एक सनद मंजूर केली, तिचं नाव 'तुरिन सनद'. (तुरिन म्हणजे फियाटचं माहेर. फियाटमधला 'टी' हा त्याच तोरिनोचा.) ही सनद म्हणते की गाडी रोजच्या वापरात असताना तिच्यात झालेले बदल हेसुद्धा तिच्या इतिहासाचे पुरावे आहेत, आणि गाडी जपताना तिला कारखान्यातल्या पहिल्या दिवसापर्यंत मागे न्यायलाच हवं असं नाही. शिवाय, नवीन घातलेले भाग ओळखू येतील अशी खूण करा, असंही ती सांगते. काकांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, "हे सांगायला इटलीला कशाला जायचं?"

मला वाटतं, आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला बाहेर निघते आणि गर्दी लोटते. तिला जपायला राजवाडा होता. मध्यमवर्गाच्या फियाटला राजवाडा नव्हता. ती जगली ती नाक्यावरच्या गॅरेजवाल्यांच्या जिवावर. पार्ट मिळत नसताना त्यांनी तो बनवला, दुसऱ्याचा बसवला, ड्रम कापला. वालचंदशेठ इतिहासाच्या पुस्तकात आहेत. हे लोक कुठेच नाहीत. त्यांची सही असलीच तर ती अशा तुकड्यांवरच आहे. तो कापून भंगारात टाकला की गाडी देखणी होईल, पण जव्हारशी तिचा असलेला एकमेव लेखी नसलेला दस्तऐवज जाईल.

आणि हे सगळं झपाट्यानं चाललंय. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या टॅक्सी बंद झाल्या. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटी आहे. गाडी बनवणारे गेले, चालवणारे थकले, दुरुस्त करणारेही थोडेच उरलेत. जामसरच्या गाडीचं काम करणारे मिस्त्री सत्तरीला आलेत, आणि त्यांच्या हाताखाली हे काम शिकायला कुणी नाही.

तूर्त तोडगा असा निघालाय: दाराखालच्या पेट्या आणि मागचं फ्लोअर नवं, प्रत्येक नव्या तुकड्यावर आतून सालाची खूण. ड्रमचा पत्रा जागेवरच राहील. फक्त घासून, रेड ऑक्साइड मारून, कडा नीट वेल्ड करायच्या. त्याचे फोटो आणि हकिकत लिहून कागदपत्रांना जोडायची. समितीनं नाही म्हटलं तर तेव्हा बघू. दादा कुरकुरत का होईना, तयार झालाय.

या हकिकतीसाठीच आता नातेवाईकांना विनंती. त्या वेल्डिंगवाल्याचं नाव काकांना आठवत नाही. "उंच होता, विडी ओढायचा, पैसे दिवाळीनंतर द्या म्हणाला," एवढंच आठवतं. ठाण्याच्या आत्या, नाशिकचे मामा, कुणाच्या जुन्या हिशेबाच्या वहीत, फोटोमागे काही सापडलं तर नक्की कळवा. आणि ब्लॉगवाल्या मंडळींनो, तुमच्या घरच्या गाडीचा, स्कूटरचा मिस्त्री कोण होता तेही लिहून ठेवा. गाडी राहो न राहो.