नेव्हिल डिसूझाचे गोल कोणी मोजले?

१ डिसेंबर १९५६, शनिवार. मेलबर्नचे ऑलिंपिक पार्क मैदान, समोर यजमान ऑस्ट्रेलिया. नवव्या मिनिटाला भारताच्या सेंटर फॉरवर्डने पहिला गोल मारला. सतराव्या मिनिटाला ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला भारत पुन्हा पुढे, एक्केचाळिसाव्याला पुन्हा मॉरो. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत त्याच सेंटर फॉरवर्डने तिसरा गोल केला आणि ऐंशीव्या मिनिटाला किट्टूने चौथा. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. तीन गोल मारणाऱ्या त्या खेळाडूचे नाव नेव्हिल डिसूझा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई, आणि तो मुंबईच्या मैदानांवर घडलेला होता.

उपांत्य सामन्यात त्याने आणखी एक गोल केला. एकूण चार. त्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाचा तोदोर वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा दिमितर मिलानोव्ह यांचेही चारच गोल होते, म्हणजे सर्वाधिक गोल करणाऱ्यांत भारताचा माणूस बरोबरीने पहिला. भारताच्या दुसऱ्या कोणत्याही फुटबॉलपटूला हे साधलेले नाही. फुटबॉलची आवड असलेल्या माणसाला हे चार गोल तोंडपाठ असतात. पण मेलबर्नला जाण्याआधी आणि तिथून परतल्यावर तो मुंबईत वर्षानुवर्षे गोल मारत होता. त्यांचा आकडा विचारला तर कोणाकडूनच उत्तर मिळत नाही.

नेव्हिलचा जन्म १९३२ सालचा, गोव्यातल्या आसगावचा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि रोजगारासाठी गोयंकाराची वाट मुंबईकडे यायची. धोबीतलाव, डोंगरी, माझगाव या भागांत गावोगावच्या कूडी, म्हणजे गावकऱ्यांची सामायिक निवासस्थाने, होत्या. बोटीवर चढण्याआधी आणि बोटीवरून उतरल्यावर खलाशी, आचारी, वादक तिथे पाठ टेकत. या वस्तीने मुंबईला बँडवाले दिले, शिक्षक दिले, कारकून दिले आणि फुटबॉलपटूही दिले. धोबीतलावाहून कूपरेजचे मैदान चालत जाण्याइतके जवळ होते.

त्या काळी मुंबईत चांगला खेळणाऱ्याला क्लब पगार देत नसे, कंपनी नोकरी देई. नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळला. टाटा, कॅल्टेक्स, रेल्वे, पुढे मफतलाल, महिंद्र, एअर इंडिया, आरसीएफ, ओएनजीसी अशा संघांवर शहराचे फुटबॉल उभे राहिले. सकाळी हजेरी, संध्याकाळी सामना. शहरातल्या हारवूड लीगचे सामने ऐन पावसाळ्यात होत. कूपरेजवर चिखल साचलेला असे. चामड्याचा, लेस बांधलेला चेंडू पाणी पिऊन दगडासारखा जड होई. असा चेंडू डोक्याने गोलमध्ये घालायला मान आणि हिंमत दोन्ही लागत. सामना तेव्हा आपल्याकडे सत्तर मिनिटांचाच असे, त्यामुळे सेंटर फॉरवर्डला दहा संधी मिळत नसत. दोन मिळाल्या तर त्यातली एक साधायची, हा धडा मुंबईच्या लीगनेच दिला. १९५४ साली मुंबईने संतोष ट्रॉफी जिंकली, १९५८ साली कॅल्टेक्सने रोव्हर्स कप जिंकला. शहराचे फुटबॉल भरात होते ते याच काळात.

कूपरेजपासून दूर, पूर्व उपनगरातल्या विक्रोळीचीही घडण याच वर्षांतली. १९५० साली मुंबई महापालिकेची हद्द पूर्व उपनगरात भांडुपपर्यंत सरकली आणि विक्रोळी शहरात आली. पिरोजशा गोदरेज यांनी इथल्या खाजणालगत वसवलेल्या कारखान्यातून पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या तयार होऊन गेल्या. पुढे टागोरनगर आणि कन्नमवारनगर या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि चाळींच्या मधल्या मोकळ्या जागांत पोरे चेंडू खेळू लागली. कूपरेजला जायचे तर मध्य रेल्वेची लोकल पकडून व्हीटी गाठायची आणि पुढे पायी. याच मार्गावर, विक्रोळीच्या चार-पाच स्टेशने पलीकडे, ठाण्यात मेलबर्नच्या संघातले गोलरक्षक एस. एस. नारायण यांचे अखेरचे दिवस गेले. माटुंग्यात वाढलेले हे गृहस्थ १९५६ आणि १९६० अशा दोन ऑलिंपिकच्या संघांत होते. २०२१ साली ते गेले तेव्हा ठाण्यातल्या किती जणांना ते ठाऊक होते, हा प्रश्न मनाला लागतो.

मेलबर्नच्या यशाचा मोठा वाटा प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचा. चारच वर्षांपूर्वी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला होता आणि आपले बरेच खेळाडू तिथे अनवाणी खेळले होते. रहीम यांनी मुलांना बूट घालून वेगाने पास करायला शिकवले. ज्या पायाने नीट खेळता येत नाही, फक्त त्याच पायाने खेळायच्या स्पर्धा त्यांनी हैदराबादेत भरवल्या होत्या. मेलबर्नला नेव्हिलच्या उजव्या बाजूला पी. के. बॅनर्जी होते आणि कर्णधार होते समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी. मुंबईने घडवलेल्या, गोल मारणाऱ्या पायाला हैदराबादची शिस्त आणि बंगालची विंग मिळाली.

४ डिसेंबरला उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. पूर्वार्ध कोरा गेला आणि बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलने गोल मारला. हेलसिंकीत दहा गोल चढवणाऱ्या संघाविरुद्ध भारत एका गोलने पुढे! आनंद दोनच मिनिटे टिकला. पुढच्या पंधरा मिनिटांच्या आत युगोस्लाव्हियाने तीन गोल केले, मग एक स्वयंगोल झाला. ४-१. ब्राँझपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० ने हरवले आणि भारत चौथा आला.

ती लढत झाली ७ डिसेंबरला. आदल्या दिवशी दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण झाले होते आणि ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर लाखोंच्या साक्षीने त्यांना अखेरचा निरोप दिला गेला. शहर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने आधीच पेटलेले. द्वैभाषिक राज्य येऊन महिनाच झाला होता. अशा आठवड्यात मुंबईचे लक्ष मेलबर्नकडे लागणे शक्यच नव्हते. नेव्हिलचे चार गोल लोकांच्या आठवणीत खोल का रुजले नाहीत, याचे एक कारण या तारखांतच आहे, असे वाटते.

मात्र पुढच्या विस्मरणाला हे कारण पुरत नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात नेव्हिल नव्हता. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला, तो त्याला कधीच मिळाला नाही. १६ मार्च १९८० रोजी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. त्याचा भाऊ डेरेकही भारताकडून खेळला होता. एकाच घरातले दोन आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू, तरी या शहरात त्यांच्या नावाचा उल्लेख सहसा कानावर पडत नाही. २०२४ साली ‘मैदान’ हा चित्रपट आला तेव्हा रहीम यांच्याबरोबर नेव्हिलही पडद्यावर दिसला आणि अनेकांना तो माणूस पहिल्यांदा कळला.

दरम्यान शहराचे फुटबॉलही पांगले. गिरण्या बंद पडल्या, रोव्हर्स कप शतकाच्या वळणावर थांबला, राष्ट्रीय लीग जिंकलेल्या महिंद्र युनायटेडने २०१० साली दुकान मिटले. खेळाचे केंद्र कूपरेजवरून उपनगरात, अंधेरीला सरकले. विक्रोळीच्या माणसाला आता व्हीटीची लोकल नको, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने अंधेरी गाठता येते. तिथेच १ जून २०१८ रोजी भारताच्या सुनील छेत्रीने चायनीज तैपेईविरुद्ध हॅट्ट्रिक केली तेव्हा प्रेक्षक होते २,५६९. छेत्रीने दुसऱ्या दिवशी व्हिडिओतून हात जोडून लोकांना मैदानावर यायला सांगितले आणि ४ जूनला केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्याला, भर पावसात मैदान भरले. त्यातही त्याने दोन गोल मारले. छेत्रीचा प्रत्येक आंतरराष्ट्रीय गोल तारखेसकट नोंदलेला आहे आणि कोणालाही क्षणात सापडतो.

नेव्हिलच्या बाबतीत हे काम अजून करता येण्याजोगे आहे. पन्नाशीच्या दशकातली मुंबईची वृत्तपत्रे जुन्या ग्रंथालयांत बांधीव फायलींमध्ये पडून आहेत. हारवूड लीगचे, रोव्हर्सचे, संतोष ट्रॉफीचे निकाल त्यांत छापलेले असत, बहुतेकदा गोल करणाऱ्यांच्या नावांसह. क्रिकेटमधली धाव अन् धाव जपणाऱ्या या शहरात एखाद्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाने किंवा फुटबॉल संघटनेने दोन-तीन विद्यार्थ्यांना एक पावसाळाभर या कामाला बसवले, तर पाने पिवळी पडून तुटण्याआधी त्याच्या गोलांची यादी तयार होऊ शकेल.