दात्याचे नाव आणि दानाचा हक्क

ज्ञानकोश हाती घेतला की त्यातील माहिती खरी की खोटी, एवढाच प्रश्न आपण सहसा विचारतो. ती देण्याचा अधिकार लेखकाला होता काय, आणि ती देण्यात त्याचे स्वतःचे काही गुंतले होते काय, हे दोन प्रश्न आपल्या मनात फारसे येत नाहीत. पूर्वी ते संपादक विचारीत असे, म्हणून वाचकाला त्यांची चिंता नव्हती. परंतु इंटरनेटवर ज्याला वाटेल त्याने लिहावे असे कोश निर्माण झाले आणि हे दोन्ही प्रश्न लेखकाच्याच पदरी येऊन पडले. नोकरीनिमित्त मुलखाबाहेर राहणाऱ्या आपल्यांपैकी अनेकांजवळ शास्त्रीय विषयांचे ज्ञान आहे आणि ते मराठीत उतरावे अशी तळमळही आहे. अशांना या प्रश्नांचा इतिहास उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहो.

आम्ही राहतो तो म्हैसुरातील देवराज मोहल्ला या विचारास अनुकूल आहे. बाजारपेठेच्या गजबजाटातून पश्चिमेस निघाले की कुक्करहळ्ळीच्या तळ्यापलीकडे विद्यापीठाची मानसगंगोत्री लागते, आणि या नगरीत कोशवाङ्मयाची परंपरा जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर 'मानसोल्लास' ऊर्फ 'अभिलषितार्थचिंतामणि' हा संस्कृत ग्रंथ आहे. इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या या ग्रंथात वीस-वीस अध्यायांच्या पाच विंशती असून राज्यव्यवहारापासून पाकक्रियेपर्यंत आणि रत्नपरीक्षेपासून संगीतापर्यंत नाना विषय आले आहेत. विसाव्या शतकात तो छापण्याचे काम मराठी राज्यकर्त्यांच्या बडोद्यात आणि येथे म्हैसुरात जवळजवळ एकाच वेळी झाले. श्रीगोंदेकरांनी संपादिलेला पहिला भाग गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५ साली निघाला, आणि कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' जगापुढे आणणाऱ्या शामशास्त्रींनी सिद्ध केलेला भाग म्हैसुरात १९२६ साली प्रसिद्ध झाला.

या जुन्या ग्रंथात आमच्या विषयाला धरून एक गंमत आहे. राजाने कसे वागावे, काय भोगावे, कोणते हत्ती-घोडे बाळगावेत, हे सांगणारा ग्रंथकर्ता स्वतः राजाच आहे. म्हणजे लेखकाचा विषयाशी घनिष्ठ हितसंबंध आहे! तरीही वाचकाची फसवणूक होत नाही, कारण तो संबंध ग्रंथकर्त्याच्या नावातच उघड आहे. चालुक्य राजाने राजवैभवाची वाखाणणी केली तर ती किती मानावयाची हे वाचक आपले आपण ठरवितो. हितसंबंध असणे हा स्वभावतः दोष नव्हे; दोष आहे तो लपविण्यात. आमच्या मते साऱ्या वादाचे मर्म हेच होय.

आता आपल्या भाषेकडे वळू. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे तेवीस खंड विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हातावेगळे केले. त्यांच्या प्रस्तावनाखंडांतील पाचवा खंड 'विज्ञानेतिहास' हा आहे, ही गोष्ट शास्त्रविषयक मराठी लेखनाच्या अभिमान्यांनी विसरू नये. त्यांच्यामागे विद्यापीठ नव्हते आणि सरकारही नव्हते. भागधारकांचे भांडवल आणि वर्गणीदारांचा आश्रय यांवर चालणारी ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी त्यांनी उभारली. ज्ञानाचा व्यवहार आणि पैशाचा व्यवहार येथे एकाच छपराखाली आला. तेथेही केतकरांनी उघडपणाचाच मार्ग धरला आणि मंडळाचा इतिहास 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवला.

केतकर १० एप्रिल १९३७ रोजी निवर्तले. या तारखेला कायद्याच्या दृष्टीने महत्त्व आहे. प्रताधिकाराचा, म्हणजे व्यवहारात आपण ज्याला कॉपीराइट म्हणतो त्याचा, १९५७ चा भारतीय कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्यात लेखकाच्या हयातीनंतर पन्नास वर्षांची मुदत होती आणि ती मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून मोजावयाची होती. त्या हिशेबाने केतकरांच्या लेखनावरील हक्क ३१ डिसेंबर १९८७ रोजी संपला. पुढे रवींद्रनाथांच्या साहित्यावरील मुदत सरत आली तेव्हा कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नासाची साठ वर्षे झाली. तथापि जो हक्क आधीच लोपला होता तो या दुरुस्तीने पुन्हा जिवंत झाला नाही. सबब केतकरांचे लेखन आज साऱ्या समाजाचे आहे. ते कोणीही छापावे, कोणीही इंटरनेटवर चढवावे. मात्र एखाद्या सहकाऱ्याने स्वतःच्या नावाने लिहिलेला मजकूर असेल, तर त्याचा हिशेब त्याच्या मृत्यूच्या वर्षावरून निराळा मांडावा लागेल.

दुसरा मोठा उद्योग शासनाचा. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, १९६० साली, साहित्य आणि संस्कृती मंडळ निघाले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईस मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला. नोंदीखाली लेखकाचे नाव देण्याची या कोशाची पद्धत स्तुत्य होय. अणुगर्भाविषयी कोण बोलत आहे हे वाचकाला ठाऊक होते. १९५७ च्या कायद्याप्रमाणे शासकीय कृतीवरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे शासनाकडे राहतो. पहिला खंड शासकीय कृती मानला, तर तो २०३७ सालच्या आरंभी मोकळा होईल. पुढे विश्वकोश इंटरनेटवर वाचावयास मिळू लागला ही मोठीच सोय झाली. पण वाचण्याची मोकळीक आणि उचलून अन्यत्र ठेवण्याची मोकळीक यांत अंतर आहे. सार्वजनिक विहिरीचे पाणी पिण्यास परवानगी असली म्हणून कोणी तिला पाट काढून आपल्या शेतात नेत नाही.

हे अंतर मिटविण्याचा एक मार्ग आमच्या शेजारीच घालून दिला गेला. म्हैसूर विद्यापीठाच्या कन्नड विश्वकोशाचा पहिला खंड १९६९ साली निघाला होता. २०१४ साली विद्यापीठाने या कोशाचे खंड क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली जनतेला दिले. त्याच्या आदल्या वर्षी गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोशाच्या बाबतीत हेच औदार्य दाखविले होते. या परवान्याच्या अटी दोन: मूळ लेखकाचा किंवा संस्थेचा नामनिर्देश करावा, आणि त्यावरून जे नवे तयार होईल तेही याच अटींवर इतरांना द्यावे. हक्क सोडावयाचा नाही, त्याचा उपभोग मात्र सर्वांस मोकळा करावयाचा, अशी ही युक्ती आहे. मालकाने स्वतः लेखी दिले म्हणजे चोरी आणि दान यांतील संशय उरत नाही.

इंटरनेटवरील कोशांत विकिपीडिया अग्रगण्य. तो १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला, आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी. शास्त्रीय विषयांत तो कितपत भरवशाचा हे पाहण्यासाठी 'नेचर' या नियतकालिकाने २००५ साली बेचाळीस लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. त्यांत विकिपीडियात १६२ आणि ब्रिटानिकात १२३ चुका वा उणिवा आढळल्या. ब्रिटानिकाने या तपासणीवर आक्षेप घेतला. पण अनामिकांचा कोश पंडितांच्या कोशाच्या इतका जवळ येईल अशी अपेक्षा फार थोड्यांनी केली असेल.

शास्त्रज्ञांनी मग हा कोश आपला मानण्यास आरंभ केला. 'आरएनए बायॉलॉजी' या नियतकालिकाने २००८ साली असा नियम केला की, आरएनएच्या कुलांसंबंधी एका विशिष्ट विभागात निबंध देणाऱ्या लेखकाने त्याच विषयावर विकिपीडियासाठी लेखाचा मसुदाही द्यावा. २०१२ साली 'प्लॉस कॉम्प्युटेशनल बायॉलॉजी'ने तज्ज्ञांकडून तपासलेले विषयलेख छापून ते त्याच वेळी विकिपीडियास देण्याची प्रथा पाडली. हे लेख प्रथमपासूनच खुल्या परवान्याखाली छापले जात, त्यामुळे प्रताधिकाराची अडचण उत्पन्नच झाली नाही.

एरवी ती होते, आणि प्रामाणिक माणसाचीच होते. शास्त्रज्ञ आपला निबंध एखाद्या नियतकालिकाला देताना बहुधा प्रताधिकार प्रकाशकाच्या नावे लिहून देतो. पुढे स्वतःचीच वाक्ये आणि आकृती कोशात उतरविताना त्याला वाटते, माझे मीच घेतले, यात चोरी कसली? पण विकलेल्या घरातील दार मूळ मालकालाही काढून नेता येत नाही. सुटकेचा मार्ग असा की, प्रताधिकार शब्दरचनेवर असतो, तथ्यावर नसतो. निबंधात सिद्ध झालेली गोष्ट नव्या शब्दांत सांगावी, आकृती नव्याने काढावी आणि मूळ निबंधाचा हवाला द्यावा.

दुसरी अडचण हितसंबंधाची. १९५० साली म्हैसुरात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था निघाली. म्हशीच्या दुधापासून अर्भकांचे अन्न बनविण्याची तेथे विकसित झालेली रीत पुढे 'अमूल'ने बाजारात आणली. कल्पना करा की, अशा संस्थेतील कोणी संशोधक अर्भकान्नावर कोशात लिहावयास बसला. त्याच्याइतका जाणता लेखक मिळणे कठीण. पण संस्थेची कीर्ती, स्वतःची बढती आणि उत्पादकाचा नफा या साऱ्यांची छाया त्याच्या लेखणीवर पडते. म्हणून त्याने लिहू नये काय? लिहावे, परंतु आपण कोण हे सांगून. आपल्याच निबंधांच्या हवाल्यांनी लेख भरू नये, प्रतिकूल निष्कर्ष गाळू नयेत, आणि आपल्या संस्थेविषयीचा मजकूर स्वतः न घालता तो चर्चेच्या पानावर सुचवून त्रयस्थाकडे सोपवावा.

लपवाछपवीचे परिणाम जगाने पाहिले आहेत. २००६ साली अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांच्या कचेऱ्यांतून त्यांच्याच चरित्रांतील अप्रिय मजकूर खोडला गेल्याचे उघडकीस आले, आणि २००७ साली संगणकांच्या पत्त्यांवरून बदल करणाऱ्या संस्था हुडकून काढणारे साधनच एका विद्यार्थ्याने निर्माण केले. २०१४ च्या जून महिन्यापासून मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने तसे जाहीर करावे, अशी अट विकिपीडियाच्या नियमांत आली.

आपण सरकारी नोकरांनी याखेरीज आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून जे लिहिले जाते त्याची मालकी, निराळा करार नसेल तर, लेखकाची नव्हे, धन्याची. आणि आपला धनी सरकार. तेव्हा कचेरीत तयार केलेला अहवाल किंवा नकाशा आपण कोशाला दान करू शकत नाही. दुसरी गोष्ट केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांची. पंधराव्या नियमाने वाङ्मयीन, कलाविषयक किंवा शास्त्रीय स्वरूपाचे प्रासंगिक काम, कर्तव्यात व्यत्यय येत नसेल तर, पूर्वपरवानगीवाचून करता येते. अकराव्या नियमाने मात्र कचेरीतील कागद वा माहिती अधिकाराविना बाहेर देण्यास मनाई आहे, आणि प्रसिद्ध केलेली मते आपली स्वतःची असून सरकारची नव्हेत हे स्पष्ट करण्याचा दंडक आठव्या नियमात आहे. आमच्यासारख्या कारकुनाला ही बंधने जाचक वाटत नाहीत. फाईलवर टिपण लिहिणारा खाली सही करतो आणि आधाराचा कागद खुणेसह जोडतो; कोशाचा धर्म तरी याहून निराळा काय आहे?

या सूक्ष्म विचाराने भिऊन लेखणी खाली ठेवावी असे मात्र आम्हास म्हणावयाचे नाही. भय बाळगणारे गप्प बसले तर कोशाची पाने निर्भय निर्लज्जांच्या हाती जातील आणि त्यात मराठीचीच हानी होईल. हिशेबाच्या, टपालाच्या, रेल्वेच्या, हवामानाच्या, वनांच्या आणि प्रयोगशाळांच्या खात्यांत आपली माणसे देशभर विखुरली आहेत. प्रत्येकाजवळ असा एक तरी विषय आहे, ज्यावर मराठीत चार धड परिच्छेद मिळत नाहीत. केतकरांनी भागधारक जमविले, तर्कतीर्थांना शासनाचे पाठबळ मिळाले. आपल्याला संध्याकाळच्या एका तासाखेरीज काही लागत नाही. जे आपले असेल ते द्यावे, जे दुसऱ्याचे असेल ते त्याला विचारून द्यावे, आणि देताना आपले नाते सांगावे. एवढे पथ्य पाळले म्हणजे परक्या मुलखात बसूनही मायबोलीच्या भांडारात निःशंक मनाने भर घालता येईल.